उच्छब मउसांनी पाहिलेला महाराष्ट्र

निशामणी सार ओडिशातल्या नुआसाहीच्या शाळेत हेडमास्तर होऊन आले, त्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांची उच्छब राऊतांशी पहिली भेट झाली. ती भेट गावात अजून सांगितली जाते, आणि सांगणारा त्या दिवशी जितका लांब उभा होता तितकी ती मोठी होत जाते. शाळेमागच्या तळ्यावरचे बगळे उडाले ते थेट भितरकनिकाच्या जंगलात जाऊन उतरले आणि दोन दिवस परत आले नाहीत, हे सगळं गाव मान्य करतं. ब्राह्मणी नदीच्या काठावर ऊन खात पडलेली मगर तो आवाज ऐकून पाण्यात शिरली, हे निम्मं गाव मान्य करतं. सारांची स्कूटर, जिला एरवी सतरा लाथा लागायच्या, ती त्या दिवशी नुसत्या आरडाओरड्याने सुरू झाली, हे मात्र खुद्द सारच सांगतात. तेव्हा त्यावर वाद नाही.

घडलं होतं एवढंच. शाळेच्या आवारात एक नळ होता आणि तो गळत होता. समोरून पांढरी मिशी, खाकी अर्धी चड्डी आणि हातात पाईपपाना अशी एक मूर्ती चालली होती. सार नवे होते, माणूस गोड होता, आणि त्यांना कुणी सावध केलं नव्हतं.

"मउसा, तुम्ही मिस्त्री ना? जरा आमचा नळ बघता का? थोडासाच गळतोय."

आमच्याकडे मास्तरांना सार म्हणतात आणि वडीलधाऱ्या पुरुषाला मउसा, म्हणजे मावशीचा नवरा. मावशी असो वा नसो. मउसा नळापाशी गेले आणि वाकून पाहू लागले. नळाला काथ्या गुंडाळला होता, काथ्यावर सायकलची ट्यूब होती आणि ट्यूबवर कुठल्याशा निवडणुकीत उरलेलं फडकं होतं.

"हा नळ आहे? सार, हा नळ आहे का बाळंतिणीचं पोट? आटे कुणी पाडलेत हे? दातांनी पाडलेत काय? अहो, हे पट्टामुंडई आहे! दिल्लीत मंत्री तोंड धुतो तो आमच्या हातच्या नळाखाली! वाळवंटात शेख आंघोळ करतो तो आमच्या लोकांनी नेलेल्या पाण्याने! या भागात घरटी एक प्लंबर आहे, आणि आमच्या पोरांचा नळ तुम्ही ट्यूबने बांधता? लाज नाही वाटत?"

"मउसा, मी परवाच आलोय हो."

"मग काल काय केलंत?"

इथे बगळे उडाले.

उच्छब म्हणजे उत्सव. आईबापांनी नाव ठेवताना पोराचा स्वभाव पाहिला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. मउसांना सगळ्याचा राग यायचा. चहाच्या टपरीवरचा पंखा टकटक करतो याचा राग. देवळाच्या छपराचं पाणी भिंतीवरून उतरतं, पन्हळीतून नाही, याचा राग. त्यापायी पुजाऱ्याशी सहा वर्षं अबोला. भाताला मीठ कमी पडलं तर राग, आणि पुरेसं असलं तर "आज कसं काय पुरेसं झालं?" म्हणून राग. हात मात्र त्यांनी आयुष्यात कुणावर उगारला नाही. त्यांची बायको कनक, म्हणजे नात झरणाची जेजेमा, आजी, सांगायची, "आमच्याकडे तो पाऊस आहे. छत्री उघडायची आणि आपल्या कामाला जायचं."

पण नळाचा राग वेगळा होता. तो पावसासारखा पडून जात नव्हता. मउसा म्हणाले होते, नुसता नळ बदलून भागणार नाही, टाकीपासूनची सगळी लाईन कंत्राटदाराने उलटी टाकली आहे, ती उकरू द्या. सगळं फुकट करून देतो. सारांनी वरच्या कचेरीला अर्ज केला. कचेरीने विचारलं, लाईन सरकारी आहे, उकरणारा सरकारी आहे काय? सारांनी दुसरा अर्ज केला. अशी दोन वर्षं गेली. मुलं हातपंपावर पाणी प्यायची, मुलींच्या संडासात बादली न्यावी लागायची, आणि मउसा रोज सकाळी शाळेवरून जाताना नळाकडे पाहून एक शिवी हासडायचे. घंटा चुकली तरी मुलांना त्या शिवीवरून शाळा भरल्याचं कळायचं.

सोळाव्या वर्षी मउसा काकाचं बोट धरून गावाबाहेर पडले होते. आमच्याकडे हीच रीत. पोरगा मिसरूड फुटायच्या आत कुणा काकाच्या, मामाच्या मागे पाईप धरायला जातो. चार वर्षं नुसता धरतो. मग काका त्याला पाईपला कान लावायला शिकवतो, कारण पाणी कुठे अडलंय ते डोळ्याला दिसत नाही, कानाला कळतं. मउसांचा कान असा होता की चौथ्या मजल्यावर कुणाचा वॉशर गेलाय ते खाली जमिनीवर उभे राहून सांगायचे. कलकत्ता, रायपूर असं करत ते महाराष्ट्रात पोचले आणि तिथे अठ्ठावीस वर्षं राहिले. पुण्यात आडनावाचा फायदा झाला. लोक म्हणायचे, "राऊत? म्हणजे आपलेच की! कुठले, विदर्भातले?" मउसा "हो" म्हणायचे. महाराष्ट्रात खोटं बोललो ते एवढंच, असं ते सांगत. गुडघे गेले तेव्हा परत आले. मुलगा आता सौदीत पाईप बसवतो. सून, नात आणि मउसांचा राग असे तिघे जेजेमाच्या पदरात.

नात म्हणजे झरणा. प्लंबरच्या घरात पोरीचं नाव झरणा ठेवलं म्हणून सगळे हसले होते, फक्त मउसांनी कौतुकाने मान हलवली होती. सातवीत होती. रंग आईचा, केस जेजेमाचे, आणि आवाज कुणाचा ते सांगायला नको.

त्या वर्षी शाळेत एक कागद आला. प्रत्येक राज्याला एक जोडीदार राज्य दिलेलं, ओडिशाच्या वाट्याला महाराष्ट्र. मुलांनी महाराष्ट्रातली प्रेक्षणीय स्थळं, खाणंपिणं, पोशाख, सण शिकायचे. तिथल्या भाषेतली निदान पाच वाक्यं म्हणायची. आणि एका शनिवारी ते सगळं करून दाखवायचं. शिक्षणाधिकारी शाळाशाळांतून फिरून पाहणार आणि सगळ्यात चांगल्या शाळेची बारा मुलं आठ दिवस महाराष्ट्र बघायला जाणार. आगगाडीने. सरकारी खर्चाने.

झरणाने आगगाडी पाहिली होती ती कटकला, फाटकात उभी राहून. तिने वर्गात हात वर केला.

"सार, माझे जेजे अठ्ठावीस वर्षं महाराष्ट्रात होते. त्यांनी सगळं पाहिलंय."

मागच्या बाकावरून सरपंचाचा पोरगा म्हणाला, "तुझ्या जेजेने पाहिलेत संडास."

पुढे काय झालं ते शाळेच्या दप्तरात नाही. सरपंचाच्या पोराच्या कपाळावर कंपासपेटीची खूण तेवढी आहे. पण झरणा बोलून तर गेली होती, आणि सार खूष झाले होते. घरचाच वक्ता मिळाला! दुसऱ्या शाळांकडे थर्माकोल असेल, पुस्तकं असतील, पण स्वतः जाऊन राहिलेला माणूस कुणाकडे होता? तसा तर घरटी होता म्हणा; पण कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

रविवारी दुपारी मउसा ओट्यावर बसून पखाळ खात होते. आंबवलेला भात, वर पाणी, तोंडी लावायला तळलेले छोटे मासे. झरणा वही घेऊन समोर बसली. वहीत वीस स्थळांची यादी होती.

"जेजे, गेटवे ऑफ इंडिया. कसं आहे?"

"असेल चांगलं."

"असेल म्हणजे? पाहिलंस ना?"

"समोरच्या गल्लीतल्या इमारतीत काम होतं. पाईप जातात त्या बोळकांडीत सात महिने होतो. खिडकीतून तीन बोटं समुद्र दिसायचा. गेटवे डावीकडे होता म्हणतात."

झरणाने फुली मारली. "शनिवारवाडा?"

"ते काय असतं?"

तिने पुस्तकातलं चित्र पुढे केलं. मउसांनी मासा खाली ठेवला. "ही भिंत? अगं, या भिंतीवरून मी अकरा महिने रोज जायचो! मला वाटलं, जुना तुरुंग असेल. एवढी भिंत, तिला एक धड पाईप नाही."

"अजिंठ्याची लेणी?"

इथे मउसांचा आवाज चढला. "लेणी! लेणी बघायला लोक विलायतेहून येतात ना, त्यांच्यासाठी औरंगाबादला हॉटेल बांधलं. छप्पन्न बाथरूम. छप्पन्नच्या छप्पन्न या हातांनी बसवली! आठवड्यात सुट्टी एक, सोमवारी. आणि ती लेणी बंद कधी असतात? सोमवारी! जगातल्या सगळ्या माणसांना बघता यावीत अशी व्यवस्था, फक्त उच्छब राऊत सोडून!"

"मग वेरूळ? ती कधी बंद असतात?"

"मंगळवारी."

"मग सोमवारी वेरूळला जायचं ना!"

"आणि कपडे कोण धुणार सोमवारी? तुझा सरपंच?"

यादी संपली. वीस स्थळं, वीस फुल्या. झरणाने पेन्सिल अंगणात भिरकावली. "मी वर्गात सांगितलं जेजेंनी सगळं पाहिलंय! आता सगळे म्हणणार, त्याने खरंच संडासच पाहिले. अठ्ठावीस वर्षं तू केलंस तरी काय तिकडे?"

जेजेमाने छत्री उघडावी तसा पदर सावरला. पण पाऊस आलाच नाही. मउसा उठले, हात धुतले आणि बाहेर निघून गेले. त्यांना राग आला होता आणि तो कुणावर काढायचा ते समजत नव्हतं. पोरीचं खरंच होतं. तिकडे सहा महिने, इकडे वर्ष, अख्खं शहर त्यांनी छताच्या वरून आणि फरशीच्या खालून पाहिलं होतं. कुठल्या पेठेत सकाळी सहाला पाणी येतं आणि कुठे साडेसातला, ते झोपेत विचारलं तरी सांगितलं असतं. पण यादीत ते नव्हतं. यादी करणाऱ्याला ते प्रेक्षणीय वाटलं नव्हतं.

निशामणी सारांनी तोडगा काढला. सार तोडग्यांचेच होते.

"मउसा, मनाला लावून घेऊ नका. मी भाषण लिहून देतो, तुम्ही वाचा. 'मी अजिंठ्याची लेणी पाहिली आणि धन्य झालो.' एवढंच. कोण विचारतंय?"

"खोटं वाचू?"

"खोटं कसं? लेणी आहेत. तुम्हीही होतात. एकाच जिल्ह्यात होतात! बारा पोरांचा प्रश्न आहे, मउसा. झरणाचं नाव मी पहिलं घातलंय."

मउसांनी सारांकडे असं पाहिलं की स्कूटर पुन्हा आपसूक सुरू झाली असती. मग म्हणाले, "तोंड माझं, शब्द तुमचे, तिकीट तिचं. आणा तो कागद."

"आणि मराठीतली पाच वाक्यंही हवीत. तिथे रोज कानावर पडतात अशी. शिकवाल का झरणाला? ती बाकीच्यांना शिकवेल."

आता मउसांच्या रागाला वाट सापडली. घरी येऊन त्यांनी झरणाला समोर बसवलं. "लिही. रोज कानावर पडतात अशी हवीत ना? लिही. एक: 'चपला बाहेर काढा.' दोन: 'मागच्या जिन्याने या.' तीन: 'भिंतीला हात लावू नका.' चार: 'अजून किती वेळ लागणार?'"

झरणाने ओडिया अक्षरांत लिहून घेतलं. "अर्थ काय याचा?"

"अर्थ मोठी झालीस की कळेल. पाचवं लिही." पाचव्याला मउसा अडले. आवाज जरा खाली आला. "पाच: 'पोहे खाल्ल्याशिवाय जायचं नाही.' हे एक म्हातारी म्हणायची. पुण्याची. नळ दुरुस्त होईपर्यंत डोक्यावर घड्याळ घेऊन उभी राहायची, मेली; पण पोहे दिल्याशिवाय सोडायची नाही. आणि स्वतःच्या ताटलीसारख्याच ताटलीत द्यायची."

शनिवार उजाडला. शाळेत पताका लागल्या. वर्गाच्या दारात थर्माकोलचा गेटवे उभा होता, तीन कमानींचा आणि जरा डावीकडे झुकलेला. मुलींनी नऊवारी नेसली होती, म्हणजे आयांच्या संबलपुरी साड्यांना तेवीस पिना लावल्या होत्या. मुलांच्या ओठांवर कोळशाच्या मिशा. सरपंचाचा पोरगा फेटा बांधून शिवबा झाला होता. कपाळावरची खूण फेट्यात झाकली होती. खाण्याच्या टेबलावर वडापाव होता. त्याची कृती जेजेमाने पुस्तकातून वाचून घेतली आणि म्हणाली, "हा तर आपला आलूचप. पावात कोंबलाय म्हणून परराज्यातला." वर सजावटीला मोहरीची चटणी. एक वडापाव खाऊन शाळेचा शिपाई अर्धा तास बोलला नाही.

आणि नळ! नळाची ट्यूब काढून त्या जागी झेंडूची माळ गुंडाळली होती. साहेब येणार म्हणून दोन वर्षांत पहिल्यांदा टाकी काठोकाठ भरली होती. मउसा फाटकातून आत आले, माळ पाहिली आणि थांबले. झरणा धावत गेली.

"जेजे, आज नको. आजच्या दिवस नको. माझी शपथ."

मउसांनी शिवी गिळली. साठीत इतकी मोठी गोष्ट गिळणं सोपं नसतं. घसा खाकरून ते मंडपात जाऊन बसले. खिशात सारांचं भाषण, आणि सवयीने कमरेला पाईपपाना.

शिक्षणाधिकारी आले. माणूस बारीक, चेहरा दमलेला. सकाळपासून ही त्यांची चौथी शाळा होती, म्हणजे चौथा गेटवे. हार झाले. लेझीम झालं, लेझीम नव्हतं म्हणून सायकलच्या साखळ्या वाजवल्या, आणि खरं सांगायचं तर छान वाजल्या. मग सारांनी जाहीर केलं, "आता महाराष्ट्राच्या गोड भाषेतली पाच वाक्यं!"

सातवीची एकेचाळीस मुलं उभी राहिली. झरणा पुढे. हात जोडून, पाढे म्हणतात त्या चालीत, एका सुरात मुलं म्हणू लागली:

"चपला बाहेर का-ढा!"

मउसांनी खिशातलं भाषण चाचपलं.

"मागच्या जिन्याने या!"

साहेबांनी कौतुकाने मान डोलावली. त्यांना वाटलं, प्रार्थना असावी.

"भिंतीला हात लावू न-का! अजून किती वेळ लाग-णा-र!"

एकेचाळीस पोरांची तोंडं हसरी होती, मिशा घामाने गालावर उतरल्या होत्या, आणि अठ्ठावीस वर्षांत एकेका दारात एकेकट्याने ऐकलेलं सगळं आता एकदम, तालावर, टाळ्यांसकट मउसांच्या अंगावर येत होतं. ज्या तोंडांना हे कधी ऐकावं लागू नये म्हणून ते रागावत आले होते, त्याच तोंडांनी. आणि शिकवणारा कोण? स्वतः उच्छब राऊत. पाचव्या वाक्याला पोरांचा आवाज बसला. पोहे कुणालाच नीट म्हणता आले नाहीत. टाळ्या कडाडल्या.

"वा! फार गोड भाषा," साहेब म्हणाले.

"आणि आता," सार म्हणाले, "ज्यांनी महाराष्ट्र डोळे भरून पाहिला ते आमचे उच्छब राऊत!"

मउसा उठले. कागद उघडला. "मान्यवर साहेब आणि बालमित्रहो. मी अजिंठ्याची लेणी पाहिली आणि..." 'धन्य' या शब्दावर ते थांबले. कागदाची चार घड्या केल्या आणि खिशात घातला. झरणाने डोळे मिटले.

"नाही पाहिली," मउसा म्हणाले. "लेणी नाही, गेटवे नाही, काही नाही. पोरी, डोळे उघड, मी तुलाच सांगतोय. तू विचारलंस ना, मी केलं काय? बत्तीस मजल्यांच्या इमारतीत वर पाणी चढवलं. पहिल्या दिवशी वरच्या मजल्यावर नळ सोडला, हार घातले, फोटो काढले. आम्ही तळघरात. म्हणाले, तुम्ही पंपाजवळ थांबा, बंद पडला तर? पाणी लिफ्टशिवाय बत्तीस मजले वर गेलं, आणि आम्हाला लिफ्टमध्ये घेत नव्हते! आत्ता पोरांनी म्हटलं ते ऐकलंत ना साहेब? गोड वाटलं? त्याचा अर्थ सांगतो."

आणि त्यांनी अर्थ सांगितला. एकेका वाक्याचा. सरपंचाच्या पोराने फेटा काढून मांडीवर ठेवला. मंडपात मागे उभ्या असलेल्या आया एकमेकींकडे बघत नव्हत्या. प्रत्येकीचा कुणी ना कुणी त्या घटकेला कुठल्यातरी जिन्याने चढत होता.

"मिस्त्री, विषयावर या," साहेब म्हणाले. "संस्कृती. पर्यटन."

आता बगळे उडण्याची वेळ होती. "संस्कृती? सांगतो संस्कृती! तिकडे एक दिवस नळाला पाणी नाही आलं तर बायका हंडे घेऊन कचेरीवर जातात आणि साहेबाला खुर्चीतून उठवतात. ही संस्कृती शिकवा पोरींना! इकडे दोन वर्षं पोरी बादल्या उचलतात आणि तुम्ही नळाला झेंडू बांधता! लाईन उकरायला परवानगी मागितली तर विचारता, माणूस सरकारी आहे का? अहो, पाणी तरी कुठे सरकारी आहे? ते उतार बघून जातं! आणि पर्यटन हवं ना? लिहून घ्या. अजिंठा सोमवारी बंद असतो. वेरूळ मंगळवारी. अठ्ठावीस वर्षांत पर्यटनाचं मला एवढं एकच कळलंय, पण ते पक्कं आहे. लिहून घ्या!"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

मउसा मंडपातून निघाले ते नळापाशी. माळ तोडली. कमरेचा पाना काढला. "सार, कुदळ." सार साहेबांकडे बघू लागले, साहेब घड्याळाकडे. कुदळ झरणाने आणली. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचून, पिना उडवत, ती खणायला लागली. तिचा चेहरा लाल झाला होता. रडल्याने की रागाने हे तिलाही सांगता आलं नसतं. सरपंचाचा पोरगा दुसरी कुदळ घेऊन आला आणि तिच्या शेजारी खणू लागला.

दुपारपर्यंत लाईन उघडी झाली. मउसांनी पोरांना एकेक करून पाईपला कान लावायला लावला. "काय ऐकू येतं?" "गुरगुर, मउसा." "हवा अडकलीय. कुणी अडकवली?" "कंत्राटदाराने!" "शाब्बास." आटे कसे पाडायचे, सूत कुठल्या बाजूने गुंडाळायचं, सांध्याला सफेदा किती लावायचा, सगळं ओरडून ओरडून शिकवलं. एका पोराने सूत उलटं गुंडाळलं तर त्याला अशा शिव्या बसल्या की तो धन्य झाला. साडेतीनला नळ सोडला. पाणी आलं. नळ बंद केला. एक थेंब गळला नाही. गडबडीत फुटलेल्या जुन्या पाईपाच्या पाण्यात थर्माकोलचा गेटवे मात्र तळ्याच्या दिशेने निघून गेला.

साहेब तोवर पाचव्या शाळेत पोचले होते.

झरणा मउसांशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाली, "ती म्हातारी पोहे कसे करायची?" मउसा खेकसले, "मी नळ दुरुस्त करायला जायचो का पोहे शिकायला?" मग जेजेमाला सांगून त्यांनी पोहे करवले आणि मीठ कमी म्हणून भांडले.

निकाल महिन्याने लागला. नुआसाहीची शाळा शेवटून पहिली आली. शेरा होता: "विषयांतर." सरकारी लाईन विनापरवाना उकरल्याबद्दल सारांना खुलासा मागणारं पत्र आलं, त्याचं उत्तर सारांनी अजून दिलेलं नाही, आणि तोडगाही काढलेला नाही. पहिला नंबर दुसऱ्या एका शाळेला मिळाला. तिची बारा मुलं आगगाडीने, सरकारी खर्चाने महाराष्ट्रात गेली.

अजिंठ्याला ती पोचली तेव्हा सोमवार होता.